उत्तरासोबत गेलेलं पान

८ ऑगस्ट २०२३ रोजी, मंगळवारी दुपारी, उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी एका नागरिकाच्या प्रश्नाला उत्तर पाठवलं. प्रश्न साधा होता, आणि उत्तर मुदतीच्या कितीतरी आधी गेलं. पण ते ज्या एक्सेल फाइलमधून गेलं, तिच्यात आणखी एक पान राहून गेलं होतं. त्या पानावर दलातल्या ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची, म्हणजे कामावर असलेल्या झाडून सगळ्यांची नोंद होती. त्या दुपारचा घटनाक्रम मिनिटांसकट उपलब्ध आहे. मात्र उत्तर पोहोचलं त्या २.३१ पासून सुरुवात केली तर ती एका कारकुनाची चूक वाटते, आणि मला ते मान्य नाही. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

अकरा वर्षं आधी

२०१२ साली लंडनच्या इस्लिंग्टन कौन्सिलने माहितीच्या अर्जाला उत्तर म्हणून काही एक्सेल फायली पाठवल्या. वरवर त्यात फक्त बेरजा होत्या. त्या बेरजांमागे २,३७५ रहिवाशांचे खाजगी तपशील शाबूत होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने पुढच्या वर्षी कौन्सिलला ७०,००० पौंड दंड केला.

हे कसं होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. एक्सेलमध्ये हजारो ओळींचा गोषवारा काढायला पिव्होट टेबल वापरतात. बघणाऱ्याला दहा-बारा आकड्यांचा छोटासा तक्ता दिसतो, पण पुन्हा हिशेब करता यावा म्हणून ते टेबल मूळ ओळींची स्वतःची एक प्रत बाळगून असतं. मूळ शीट काढून टाकली तरी ही प्रत राहू शकते, आणि बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्या मागच्या ओळी नव्या शीटवर उलगडतात. ब्लॅकपूलच्या एका सरकारी हॉस्पिटल ट्रस्टच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. समान संधीबद्दलची आकडेवारी वेबसाइटवर ठेवताना ६,५७४ कर्मचाऱ्यांची माहिती तक्त्यांमागे राहून गेली. २०१६ साली दंड झाला १,८५,००० पौंड.

म्हणजे उत्तर आयर्लंडच्या पोलिसांवर जे संकट आलं ते नवं नव्हतं. तशाच प्रकारच्या फाइलमुळे, त्याच देशातल्या सरकारी संस्थांच्या बाबतीत ते आधी घडून गेलं होतं. दंडाचे आदेश जाहीर झाले होते आणि कुणालाही वाचायला खुले होते.

साडेपाच महिने आधी

२२ फेब्रुवारी २०२३. ओमा गावातल्या क्रीडासंकुलात डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर जॉन कॉल्डवेल मुलांचा फुटबॉलचा सराव संपवून निघत होते. ते ड्युटीवर नव्हते. सोबत त्यांचा मुलगा होता. दोन बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यावर अनेक गोळ्या झाडल्या. ते वाचले, पण फार गंभीर जखमी झाले. मार्च संपता संपता सरकारने उत्तर आयर्लंडमधली दहशतवादी धोक्याची पातळी वाढवून ‘गंभीर’ केली.

या प्रदेशात पोलीस असणं म्हणजे काय, हे माहीत नसेल तर फाइलमधल्या एका आडनावाची किंमत कळत नाही. जुन्या दलातले, म्हणजे रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीतले, तीनशेहून अधिक पोलीस प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समाजांमधल्या तिथल्या यादवीत मारले गेले. ती यादवी मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर, २००१ मध्ये, नवं दल उभं राहिलं: पोलीस सर्व्हिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड. कॅथलिक तरुणांनी या दलात यावं म्हणून दहा वर्षं निम्म्या जागा त्यांच्यातून भरल्या गेल्या. करार न मानणाऱ्या बंडखोर गटांना हेच सगळ्यात जास्त खुपत होतं. २०११ मध्ये ओमातच रोनन कर हा पंचवीस वर्षांचा कॅथलिक कॉन्स्टेबल स्वतःच्या घराबाहेर, गाडीखाली लावलेल्या बॉम्बने मारला गेला. गाडी सुरू करण्याआधी वाकून तिच्याखाली पाहण्याची सवय तिथल्या पोलिसांना आणि त्यांच्या मुलाबाळांनाही आहे. कित्येकांच्या शेजाऱ्यांना, लांबच्या नातेवाइकांना ते काय नोकरी करतात हे ठाऊक नसतं. काहींनी ते आई-वडिलांपासूनही लपवलेलं असतं.

पाच दिवस आधी: गुरुवार, ३ ऑगस्ट

एकाच नागरिकाकडून दोन अर्ज आले. कोणत्या हुद्द्यावर किती अधिकारी आहेत, कोणत्या श्रेणीत किती कर्मचारी आहेत, एवढंच त्याला हवं होतं. आपल्याकडे माहिती अधिकारात लोक रोज असे प्रश्न विचारतात. त्यात गैर काहीच नव्हतं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या दलात किती माणसं आहेत हे विचारायचा लोकांना हक्क आहे, आणि पुढच्या सगळ्या संतापात या अर्जदाराकडे बोट दाखवण्याचा मोह कुणी करू नये.

अर्ज आले ते ‘व्हॉटडूदेनो’ या संकेतस्थळामार्फत. ‘मायसोसायटी’ ही धर्मादाय संस्था ते २००८ पासून चालवते. तिथे प्रत्येक अर्जाला स्वतःचा वेगळा ईमेल पत्ता मिळतो. कार्यालयाने त्या पत्त्यावर उत्तर पाठवलं की ते, जोडलेल्या फायलींसकट, आपोआप सगळ्यांना वाचायला खुलं होतं. पारदर्शकतेसाठी ही उत्तम सोय आहे. पण याचा अर्थ असाही होतो की उत्तराचं बटण दाबणं आणि जाहीर प्रसिद्धी देणं या दोन्हींच्या मध्ये कुणीही उभं नसतं.

उत्तर द्यायला कायद्याने कामाचे वीस दिवस मिळतात. भारतात ही मुदत तीस दिवसांची आहे. पोलिसांनी तिसऱ्याच कामाच्या दिवशी उत्तर पाठवलं.

त्या पाच दिवसांत

दलाच्या मनुष्यबळ विभागाच्या संगणकप्रणालीतून एक एक्सेल फाइल उतरवून घेतली गेली. त्यात एकच शीट होती. आडनाव, नावाचं आद्याक्षर, काम, हुद्दा, श्रेणी, विभाग, नेमणुकीचं ठिकाण, कराराचा प्रकार, स्त्री की पुरुष, सेवा क्रमांक. दर माणसाला एक ओळ.

मग त्याच फाइलमध्ये मोजणी सुरू झाली. नव्या शीट उघडल्या, त्यांत गाळणी केली, बेरजा केल्या. काम संपल्यावर खाली दिसणाऱ्या कामचलाऊ टॅब पुसून टाकल्या. उत्तराची शीट ठेवली. मूळ शीट, नावांची, तिथेच राहिली. ती कुणाच्या नजरेला आली नाही. त्यानंतर फाइल तपासणीसाठी पुढे गेली, आणि तपासणीतही ते पान सुटलं.

घटनाक्रमात मी सगळ्यात जास्त इथेच रेंगाळतो, कारण इथे घड्याळाचा काटा दिसत नाही, पण आपत्ती इथेच पुरी झाली. कुणी सातबाराचा एक उतारा मागावा आणि तलाठी कचेरीने अख्खं दप्तर बांधून हातात द्यावं, तसा हा प्रकार. फरक इतकाच की दप्तराचं वजन हाताला लागतं. फाइलचं लागत नाही. ईमेलला जोडलेली फाइल पाठवणाऱ्याला एका छोट्या चिन्हासारखी दिसते: नाव आणि आकार. तिच्यात एक पान आहे की दोन, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. उघडून पाहिलं तरी कळेलच असंही नाही. एक्सेलची फाइल म्हणजे आत अनेक छोट्या फायली असलेलं गाठोडं असतं. एखादी शीट ‘लपवलेली’ आहे ही त्यातली फक्त एक खूण असते. शीट जशीच्या तशी आत असते. एक प्रकारची लपवलेली शीट तर नेहमीच्या मेनूतून दिसतच नाही, त्यासाठी मॅक्रो लिहायची खिडकी उघडावी लागते.

ज्यांनी कार्यालयात ईमेलचे ठरलेले नमुने वापरलेत त्यांना याची दुसरी बाजू चांगली ओळखीची असेल. पत्राचा एक टेम्प्लेट करून ठेवलेला असतो, त्यात अर्जाचा फॉर्म किंवा दरपत्रक कायमचं जोडलेलं असतं. पुढे कुणीतरी सामायिक फोल्डरमधला मूळ फॉर्म सुधारतो आणि काम झालं असं समजतो. पण टेम्प्लेटच्या पोटात असते ती जोडल्या क्षणाची प्रत. तिला बाहेरच्या फाइलमधला बदल कळत नाही. टेम्प्लेट उघडून, जुनी प्रत काढून, नवी जोडून, तो पुन्हा जतन आणि प्रकाशित केल्याशिवाय प्रत्येक पत्रासोबत जुनाच फॉर्म जात राहतो, आणि पाठवणाऱ्याला वाटतं नवा जातोय. दोन्हींकडे मूळ एकच: जोडलेली फाइल ही कधीतरी, कुणीतरी, कशासाठीतरी केलेली प्रत असते, आणि ती प्रत त्या वेळचं सगळं सोबत घेऊन फिरते.

तपासणीबद्दलही एक गोष्ट मांडली पाहिजे. अशा वेळी तपासणारा माणूस सहसा काय पाहतो? आकडे जुळतात का, प्रश्नाला उत्तर मिळालं का, पत्राचा मसुदा नीट आहे का. हे सगळं उत्तराचं परीक्षण आहे. ज्या पेटीतून उत्तर जातं तिचं परीक्षण हे वेगळं काम आहे. ते कुणाच्या नावावर लिहून दिलेलं नसेल तर चार जणांच्या हाताखालून गेलेली फाइलही तशीच पुढे सरकते.

मंगळवार, दुपारी २.३१

उत्तर संकेतस्थळावर पोहोचलं आणि खुलं झालं.

२.३१ ते ४.१०

नव्याण्णव मिनिटं. या वेळात ती फाइल जगात कुणालाही पाहता येत होती, उतरवून घेता येत होती. पासवर्ड लागत नव्हता, ओळख पटवावी लागत नव्हती.

फाइलमध्ये घरचे पत्ते नव्हते, फोन नंबर नव्हते. नंतर काही लोकांनी हे दिलासा म्हणून सांगितलं. मला त्यात दिलासा दिसत नाही. उत्तर आयर्लंड लहान प्रदेश आहे, वस्ती एकोणीस लाखांच्या आसपास. तिथे आडनाव बरंच काही सांगून जातं: घराणं कोणत्या भागातलं, बहुतेक वेळा कोणत्या समाजातलं. त्याला आद्याक्षर आणि नेमणुकीचं ठिकाण जोडलं, आणि आडनाव जर विरळ असेल, तर गावातल्या माणसाला माणूस ओळखायला आणखी काही लागत नाही. त्यात विभागही लिहिलेला. कोण गुप्तवार्ता विभागात आहे, कोण पाळत ठेवणाऱ्या पथकात आहे, तेही त्या रकान्यांत होतं. पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. आजोबांपासून चालत आलेलं आडनाव आणि ते लावणारं सगळं घर बदलता येत नाही.

दुपारी ४.१०

दलाला कळलं. कळवणारे दलातलेच अधिकारी होते. ना कुठली सुरक्षाप्रणाली वाजली, ना फाइल बाहेर जाताना कुठे अडली. ज्यांची नावं त्या पानावर होती त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी डोळ्यांसमोर ते पान आलं.

पाठवलेला मेल परत बोलावण्याची सोय आउटलुकमध्ये आहे, पण ती चालते एकाच संस्थेच्या मेलव्यवस्थेच्या आत, आणि तिथेही दर वेळी नाही. बाहेरच्या पत्त्यावर गेलेला मेल गेला. आता पोलिसांना विनंतीच करायची होती.

दुपारी ४.५१

संकेतस्थळाच्या चालकांनी फाइल लोकांच्या नजरेआड केली. प्रसिद्ध झाल्यापासून दोन तास वीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी ५.२७

फाइल संकेतस्थळावरून काढून टाकली गेली. तोवर लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रतींवर याचा काहीच परिणाम होणार नव्हता.

त्याच संध्याकाळी

बातमी फुटली. सहायक मुख्य पोलीस अधिकारी ख्रिस टॉड पत्रकारांसमोर आले. त्यांनी मानवी चूक झाल्याचं सांगितलं आणि आपल्या सहकाऱ्यांची माफी मागितली. माफी मागितली हे योग्यच झालं. पण ‘मानवी चूक’ हा शब्दप्रयोग अशा वेळी फार लवकर येतो आणि फार काही झाकतो. चूक माणसाने केली हे खरंच. पण कच्ची फाइल थेट मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीतून घेऊन, तिच्यातच काम करून, तीच बाहेर पाठवायची, ही कामाची रीत त्या माणसाने ठरवली नव्हती.

त्या रात्री शेकडो घरांत काय बोलणी झाली असतील, याचा अंदाज ज्यांनी यादवीची वर्षं पाहिली त्यांना सांगावा लागत नाही.

पुढचे सात दिवस

बुधवारी, ९ ऑगस्टला, आणखी एक गोष्ट उघड झाली. जुलैत एका खाजगी गाडीतून पोलिसांचा लॅपटॉप आणि सुमारे दोनशे जणांची नावं असलेली यादी चोरीला गेली होती. एकाच आठवड्यात लोकांना दोन्ही कळलं.

मुख्य पोलीस अधिकारी सायमन बर्न सुट्टीवर होते. ते सुट्टी अर्धवट टाकून परतले आणि गुरुवारी, पोलिसांवर देखरेख करणाऱ्या पोलिसिंग बोर्डासमोर तातडीच्या बैठकीला हजर झाले. बंडखोर गट आपल्याकडे ही माहिती असल्याचं सांगू लागले होते. सोमवारी, १४ ऑगस्टला, बेलफास्टच्या फॉल्स रोडवर शिन फेन या पक्षाच्या कार्यालयासमोर त्या फाइलमधल्या मजकुराचे कागद चिकटवलेले सापडले. सोबत शिन फेनचे नेते जेरी केली यांचा फोटो आणि धमकीचा मजकूर होता. केली पोलिसिंग बोर्डाचे सदस्य होते. त्या दिवशी पोलिसांनी जाहीर केलं: फाइल बंडखोरांच्या हाती पडली आहे याची आम्हाला खात्री आहे, आणि भीती पसरवायला, धमकावायला तिचा वापर होईल असं धरूनच आम्ही चालत आहोत.

दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या नॉरफोक आणि सफोक पोलिसांनी कबूल केलं की माहितीच्या अर्जांना त्यांनी दिलेल्या काही उत्तरांतही १,२३० जणांची माहिती दडलेली होती. त्यात गुन्ह्यांतले बळी आणि साक्षीदारही होते. उघडून बघणाऱ्याला ती सहजी दिसत नव्हती, पण फायलींमध्ये होती. हे वाचल्यावर बेलफास्टच्या एका कर्मचाऱ्याची गोष्ट म्हणून या घटनेकडे बघणं कुणालाही शक्य राहू नये.

त्यानंतर

४ सप्टेंबरला सायमन बर्न यांनी राजीनामा दिला. त्याला ही फाइल एकटीच कारण नव्हती. दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांवरची शिस्तभंगाची कारवाई बेकायदा ठरवणारा न्यायालयाचा निकाल त्याच सुमारास आला होता आणि त्यावरूनही दलात रोष होता.

११ डिसेंबरला स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. तो ‘सिटी ऑफ लंडन’ पोलीस दलाचे पीट ओडोहर्टी यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला होता आणि त्यात ३७ शिफारशी होत्या. अहवालाने स्पष्ट सांगितलं की ही कुणा एका माणसाच्या, एका पथकाच्या किंवा एका विभागाच्या एकट्या कृतीची परिणती नव्हे. दलाने आपल्याकडची माहिती सांभाळण्याकडे, तिच्यातले धोके आधीच शोधण्याकडे वेळेवर लक्ष दिलं नव्हतं. मला या अहवालाबद्दल आदर वाटतो. एका माणसाला बळी देऊन प्रकरण मिटवणं सोपं होतं, आणि त्याने ते केलं नाही.

माहिती आयुक्त कार्यालयाकडे अनेक बाधितांनी आपली परिस्थिती लिहून कळवली. झोप उडाली, घराला कॅमेरे बसवण्यात पदरचे पैसे गेले, ज्यांनी आयुष्यभर नोकरी लपवली त्यांना आपल्याच माणसांपासून दूर राहावं लागलं. ही माणसं त्या फाइलमध्ये एकेका ओळीत होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी ७,५०,००० पौंड दंड जाहीर झाला. सार्वजनिक संस्थांना दंडात सवलत देण्याचं धोरण लागू केलं नसतं तर ही रक्कम ५६ लाख पौंड झाली असती. दंडाचा पैसा शेवटी लोकांच्याच खिशातून आणि पोलिसिंगच्याच तरतुदीतून जातो, तेव्हा सवलत मला पटते. माहिती आयुक्त जॉन एडवर्ड्स यांच्या कार्यालयाने हेही नोंदवलं की हे टाळायला फार मोठी यंत्रणा लागत नव्हती. साध्या कार्यपद्धती पुरल्या असत्या.

त्या कार्यपद्धती काय, हे त्याच कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्येच सगळ्या सार्वजनिक संस्थांना कळवलं होतं. माहितीच्या अर्जाला उत्तर म्हणून मूळ स्प्रेडशीट ऑनलाइन टाकणं थांबवा, असं त्यात होतं. आकडे द्यायचेच तर सीएसव्हीसारख्या साध्या फाइलमध्ये द्या. सीएसव्ही फाइलमध्ये एकच तक्ता मावतो. दुसरी शीट किंवा पिव्होट टेबलमागची प्रत, यांतलं काहीच तिच्यात राहू शकत नाही. आणि हुद्द्यागणिक अधिकाऱ्यांची आणि श्रेणीगणिक कर्मचाऱ्यांची संख्या, जी त्या नागरिकाने ३ ऑगस्टला मागितली होती, ती काही न जोडता ईमेलच्या मजकुरातच टाइप करून पाठवता आली असती.